मानाचा नारळ

आमच्याकडचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण मागचा मान घेणार नाही. मी आठवीत असताना आमच्या गावात शिमग्याला पालखी आधी कुणाच्या खांद्यावर जायची, यावरून दोन घरांत जुंपली आणि देव दोन वर्षं देवळाबाहेर पडला नाही. मग देवालाच कौल लावून विचारू म्हणाले, तर कौल आधी कुणी मागायचा यावरून तेही राहिलं. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून आले, देवळात उभी करून ठेवलेली पालखी बघून आणि मटण खाऊन परत गेले. मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. भांडणारं एक घर आमचं होतं आणि आम्ही मागे हटलो नाही याचा मला अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांना नावं ठेवणार आहे.

आमचं कॉलेज शहराबाहेर कातळावर होतं. मी शेवटच्या वर्षाला होते, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विनाअनुदानित तुकडीत. विनाअनुदानित म्हणजे सरकारनं हात झटकलेला आणि संस्थेनं हात पसरलेला वर्ग. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक पाच होते, त्यातले दोन चालायचे. काचेची भांडी निर्जंतुक करायचं यंत्र वर्षातून सहा महिने बंद असायचं आणि मग आमचे सर घरून प्रेशर कुकर आणायचे. त्या कुकरला मसुराच्या आमटीचा वास यायचा. विद्यापीठाची समिती तपासणीला आली की कुकर टेबलाखाली जायचा आणि यंत्रावर हार चढायचा.

अशा कॉलेजनं त्या जून महिन्यात फलकावर नोटीस लावली की फी वाढली. थोडीथोडकी नाही, जवळजवळ दीडपट. वाढीला नाव होतं ‘विकास शुल्क’. विकास आम्हाला दिसत होता. फाटकावर एक नवी कमान उभी राहिली होती आणि तिच्यावर संस्थेच्या अध्यक्षांच्या वडलांचं नाव होतं. पायाखाली सगळा जांभा असताना कमानीला दगड मात्र बाहेरून आणलेला, गुळगुळीत. पावसात त्याच्यावर शेवाळ धरायचं आणि शिपाई शिडी लावून वडलांचं नाव घासायचा.

हे अध्यक्ष दिसायला फार सज्जन. पांढरे कपडे, हळू आवाज. दर झेंडावंदनाला ‘शिक्षण हे दान आहे’ असं सांगायचे. कुणी कुणाला केलेलं दान, ते काही कधी सांगितलं नाही. वाटेत कुणी मुलगी भेटली की विचारायचे, “कुठली गं तू? कुणाची?” आणि उत्तर नीट ऐकून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, काय माणसाला आस्था आहे. तो गृहस्थ आमची गावं आणि घरं पाठ करत होता, हे कळायची अक्कल आम्हाला नव्हती.

बाकावर माझ्या शेजारी बसायची ती बंदराकडची, मुसलमान घरातली. तिचे वडील दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होते. समुद्रात बोट त्यांच्या शब्दावर चालायची, पण बोट मालकाची आणि मासळीही मालकाची. वर्गात सर्वांत हुशार तीच होती, हे आमच्यातल्या पोरांनाही नाइलाजानं कबूल होतं. तिचा हात कधी थरथरायचा नाही. जंतू वाढवायच्या आमच्या काचेच्या बशांमध्ये नको ती बुरशी उगवायची, तिच्या बशीत जे पेरलं तेवढंच उगवायचं. तिला एकच गोष्ट हवी होती. परदेशी मासळी पाठवणारे कारखाने आमच्याकडे आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत पांढरा अ‍ॅप्रन घालून माशातले जंतू मोजायचे. “बाबा मासळी आणतील आणि मी ती पास करीन,” असं ती म्हणायची. त्यासाठी पदवी हवी होती आणि पदवीसाठी ते एक शेवटचं वर्ष.

आता हे बघा की पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद असते. बोटी ओढून किनाऱ्यावर ठेवतात, वर झावळ्या नाहीतर प्लास्टिक घालतात आणि खलाशी घरी बसून जाळी विणतात. फी भरायची शेवटची तारीख नेमकी त्याच दिवसांत. जुनी फी तिच्या घरानं कशीबशी आधीच बाजूला काढून ठेवली होती. दीडपट फी कुठून आणणार? तिच्या वडलांनी तिला स्वच्छ सांगितलं की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ पडला, बोट गेली की देतो. त्याच्या आधी मागतील तर तू घरी बस. बाप वाईट नव्हता, त्याच्याकडे नव्हते एवढंच.

म्हणून आंदोलन तिनं सुरू केलं. निवेदन तिनं लिहिलं, एका पानाचं. त्यात दोन मागण्या होत्या. वाढ मागे घ्या, आणि ते जमत नसेल तर बोटी सुरू होईपर्यंत मुदत द्या, हप्ते पाडून द्या. ‘अन्याय’, ‘जुलूम’ असले शब्द तिनं एकदाही वापरले नव्हते. म्हणूनच ते पान आमच्यातल्या पुढाऱ्यांना पसंत पडलं नाही.

हो, पुढारी लगेच उगवले. दोन संघटनांचे दोन. पंचविशी उलटली तरी विद्यार्थीच, कारण पास झाले तर पद जाईल. पहिला दिवस त्यांनी फाटकावर कुणाचा फलक वर आणि कुणाचा खाली, यात घालवला. शेवटी दोन्ही फलक शेजारी शेजारी लावले, तर एकाची दोरी तुटली आणि त्याला घातपात झाल्यासारखं वाटलं. घोषणा कुठून तरी उचलून आणलेल्या. त्यांतल्या एकीत ऊस होता. रत्नागिरीत, कातळावर, सूक्ष्मजीवशास्त्राच्या फीसाठी आम्ही उसाची घोषणा दिली. मीही दिली, घसा खरवडून.

पण एवढं सगळं असूनही दोन दिवस ते धरणं चांगलं चाललं, हे मान्य करायला हवं. पाली गावाकडची पोरं टेम्पोतून आली, सोबत निळी ताडपत्री घेऊन. ती वाट सोडून फाटकाच्या खांबाला आणि कुंपणाला बांधली आणि तिच्याखाली शंभरेक जण बसले. वर्गात कुणी गेलं नाही. पावसाची आडवी झड यायची तेव्हा आम्ही सगळे एकमेकांना खेटून मधे सरकायचो. ती मधोमध मांडीवर फाइल घेऊन बसायची आणि त्या फाइलीवर स्वतःची ओढणी घालायची. चर्चेला बोलावलं तर आत जाऊन तिनंच बोलायचं, हे दुसऱ्या दिवशी सर्वांनी हात वर करून ठरवलं. त्यात माझाही हात होता.

तिसऱ्या दिवशी मोठी माणसं आली आणि तिथून घाण झाली. शनिवार होता आणि फी भरायची तारीख तीच होती, पाच वाजेपर्यंत. पावस गावाकडून पालक आले, पालीकडून आले, आमच्या गावातून माझे काका आणखी चौघांना घेऊन आले. काका आमच्याकडचे मानकरी. पोरांना पाठिंबा द्यायला आले, चांगली गोष्ट. पण मानकरी माणूस कुठेही गेला तरी आधी आपण बसायचं कुठे ते बघतो. ताडपत्रीखाली पुढच्या रांगेत पोरी बसल्या होत्या, त्यांना उठवून ही मंडळी पुढे बसली. तीही उठून मागे गेली, फाइल घेऊन.

अकरा वाजता अध्यक्षांची गाडी कमानीखालून आत गेली. ते वर गॅलरीत येऊन उभे राहिले. हातात चहाचा कप. खाली बघत होते, एकेक तोंड ओळखत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. मला आज वाटतं, आमची पुढची रांग बघूनच त्यांचं काम झालं असावं.

थोड्या वेळानं शिपाई खाली आला. त्याच्या हातात स्टीलचं तबक, त्यात एक शाल आणि एक नारळ. एकच. तो म्हणाला, “साहेब म्हणतात, एवढी गावाकडची वडीलधारी मंडळी आलीत, त्यांचा मान राखायला हवा. तुमच्यातला मानाचा कोण, त्यानं पुढं यावं. आधी सत्कार, मग आत बसून चर्चा. साहेबांना दहा मिनिटं आहेत.”

कुठल्याही शहाण्या माणसांनी ते तबक बाजूला ठेवून जिना चढायला घेतला असता. आम्ही तबकाभोवती गोळा झालो.

पावसचा एक गृहस्थ म्हणाला, “आमच्याकडची पोरा जास्त हायत. मोजून घ्या वाटल्यास.”

पालीवाला टेम्पोचा मालक होता. तो म्हणाला, “ताडपत्री आमची, टेम्पो आमचा. पयल्या दिवसापासून भिजलो आमी. नारळ दुसऱ्याचा कसा?”

दोघं पुढारी एकदमच म्हणाले की नारळ संघटनेनं स्वीकारावा. कुठल्या संघटनेनं, यावर ते एकमेकांकडे बघत राहिले.

मग माझे काका उठले. त्यांनी धोतर सारखं केलं. “ह्यो कातळ कालेजाला कुनी दिला? आमच्या आज्यानं दिला. तवा हितला पयला मान आमचा. त्यात बोलायचा काय?”

हे खरं होतं. माझ्या पणजोबांनी ती जमीन संस्थेला फुकट दिली होती आणि त्याबद्दल आमच्या घराला दर स्नेहसंमेलनात एक नारळ मिळतो. एवढ्या मोठ्या कातळाच्या बदल्यात वर्षाला एक नारळ, तोही बाजारातला. याचं आमच्या घरात कुणाला कधी हसू आलं नाही.

ती मागून पुढे आली. माझ्या काकांना म्हणाली, “काका, नारळ कुणीही घ्या. नाहीतर कुणीच नको. पण आत जाऊया. दहा मिनिटं म्हणालेत.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत, चिडलेही नाहीत. शेजारच्याला विचारावं तसं विचारलं, “ही कुनाची? हिचा हितं मान कसला?”

आदल्या दिवशी हात वर करणारे शंभर जण तिथे होते. मी तिच्या अगदी शेजारी उभी होते. ती कुणाची आणि कसली, हे मला तोंडपाठ होतं. तिनं लिहून दिलेल्या जर्नलवर मी दोन वर्षं पास झाले होते. मी माझ्या चपलेला लागलेला चिखल बघत राहिले.

वर अध्यक्षांनी चहा संपवला. कप कठड्यावर ठेवला, घड्याळ पाहिलं. खाली आमचं अजून चालूच होतं. पावसची मंडळी म्हणत होती, पोरं मोजा. टेम्पोवाला म्हणत होता, ताडपत्री सोडतो. मग काकांनी तोडगा काढला. आमच्याकडे तोडगा म्हणजे मान आपल्याच घरात ठेवून दुसऱ्यांना गप्प करणं. “बरा, मी न्हाय घेत,” ते म्हणाले. “आमची पोरगी हितं शिकते. ती घेईल. मग तर झाला?”

आणि मी पुढे झाले.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की भांडण मिटावं म्हणून जाते आहे. पुढे कित्येक दिवस हेच सांगत राहिले. पण खरं असं आहे की मला बरं वाटलं. एवढ्या लोकांत काकांनी मला पुढे केलं, लोक बाजूला झाले, मला वाट मिळाली. मी आठवीतलीच होते, पालखीपाशी उभी.

तिनं फाइल उघडली, निवेदनाचं पान काढलं आणि माझ्या हातात दिलं. “मुदतीचं आधी बोल,” ती म्हणाली. “वाढीचं नंतर.” तिला अजूनही वाटत होतं की मी बोलणार आहे.

अध्यक्ष स्वतः पायऱ्यांपर्यंत खाली आले. “कुठली गं तू? अरे, तू तर आपल्याच घरातली,” म्हणाले. खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला. दोन्ही हातांत नारळ घ्यायचा तर निवेदन कुठे धरणार? ते त्यांनी अलगद माझ्या बोटांतून काढून घेतलं. फोटो काढला गेला. मी म्हटलं, “सर, मुदत...” ते म्हणाले, “अवश्य. आपण समिती नेमू. चर्चा फार चांगली झाली.” आणि गाडीत बसून गेले. दहा मिनिटं संपली होती.

मागे वळले तर डोक्यावर पाऊस पडत होता. पालीवाल्यानं खरोखरच ताडपत्री सोडली होती. तो आणि त्याची माणसं ती घडी करून टेम्पोत टाकत होती. मान आमच्या गावात गेला, मग ते कशाला भिजतील? पावसची मंडळी एसटीची वेळ झाली म्हणून निघाली. पुढाऱ्यांनी आपापले फलक उतरवले. साडेबारा वाजता त्या फाटकात चहाचे कागदी कप आणि आम्ही दोघी एवढंच उरलं. माझ्या हातात नारळ होता. तिच्या हातात रिकामी फाइल.

“काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“समिती,” मी म्हटलं.

तिनं कार्यालयाच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे फी भरणाऱ्यांची रांग लागली होती. रांगेत दोन्ही पुढारी होते.

माझी फी काकांनी त्याच दिवशी पाचच्या आत भरली. आंब्याचे पैसे अजून घरात होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं की संस्थेशी समाधानकारक चर्चा होऊन विद्यार्थ्यांनी आंदोलन मागे घेतलं. फोटोत मी हसते आहे. काकांनी तो फोटो काचेत बसवून घेतला. फी एक पैसाही कमी झाली नाही, समिती कधी बसली नाही. सोमवारी हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ मारलेली होती.

ती आणखी एकदाच आली, माझ्या कपाटात ठेवलेला तिचा अ‍ॅप्रन न्यायला. घडी करून पिशवीत घातला. मी काहीतरी बोलायला लागले, तर म्हणाली, “सरांना सांग, तिसऱ्या बशीत अजून दोन दिवसांनी बघायचंय. विसरतील ते.” सर विसरले, मीही विसरले. त्या बशीत काय उगवलं ते कुणी पाहिलंच नाही.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, तिच्या वडलांकडे पैसे आले असणार. खिडकी तोवर बंद झालेली होती. पुढच्या वर्षी फी पुन्हा वाढली आणि तेव्हा मात्र कुणी फाटकात बसलं नाही. कुणी विचारलं तर आमच्या गावात सांगायचे, आम्ही केलं होतं ना आंदोलन, आमच्या पोरीला नारळ मिळाला.

मी पास झाले. आता शहराबाहेरच्या एका मासळीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत असते. पांढरा अ‍ॅप्रन घालते आणि जंतू मोजते. तिच्या वडलांच्या बोटीची मासळी मी कधी पास केली की नापास, मला माहीत नाही, कारण खोक्यावर तांडेलाचं नाव नसतं.

गेल्या महिन्यात पुतणीला घेऊन तिचा प्रवेशअर्ज भरायला स्टँडजवळच्या एका दुकानात गेले. हल्ली सगळं ऑनलाइन असतं आणि कॉलेजची वेबसाइट कॉलेजसारखीच चालते, म्हणून लोक दुकानात जाऊन भरतात. बाहेर पाटी होती, ‘प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, सर्व अर्ज भरून मिळतील’. आत संगणकासमोर ती बसली होती. चष्मा लागला होता. माझ्याआधी चार मुली रांगेत होत्या, सगळ्या त्याच कॉलेजच्या.

आमचा नंबर आला तेव्हा “ये,” ती म्हणाली, जणू आम्ही काल बाकावरून उठलो होतो. पुतणीला विचारलं, “विषय कुठला?”

“मायक्रोबायॉलॉजी.”

तिची बोटं भराभर चालत होती. कुठल्या पानावर काय विचारतात ते तिला पाठ होतं. स्वतः जिथून पदवी घेता आली नाही, तिथल्या प्रवेशाचे अर्ज ती दिवसाला किती भरत असेल कोण जाणे. एका पानावर शुल्काचा तक्ता आला. ‘विकास शुल्क’ सर्वांत वर होतं आणि आकडा आमच्या वेळचा आठवून बघण्यात अर्थ नव्हता.

“शेवटची तारीख?” मी विचारलं.

“जुलै. बोटी बंद असतात तेव्हाच. ती बदललेली नाही.”

“आणि हप्ते?”

“त्याला रकानाच नाही.” तिनं प्रिंटरला कागद लावला. प्रिंटर जुना होता, एकेक ओळ सावकाश येत होती. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “तो नारळ कसा निघाला होता गं?”

मला खोटं बोलता आलं असतं. नासका निघाला म्हटलं असतं, देवळात ठेवला म्हटलं असतं. पण तो नारळ त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या घरी फोडला होता आणि बांगड्याच्या कालवणात वाटून घातला होता. काका दोनदा भात घेऊन जेवले होते. मीही जेवले होते.

“चांगला निघाला,” मी म्हटलं. “पाणी गोड होतं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “म्हणजे अगदीच वाया नाही गेलं.” पुतणीच्या हातात अर्ज देऊन, कुठे सही करायची ते बोटानं दाखवून, तिनं रांगेतल्या पुढच्या मुलीला बोलावलं.